मुद्देमाल क्रमांक ४१

रजिस्टरात मी लिहिलं :
बाटली एक, काचेची, हिरवट काळी,
आत लाल द्रव, सीलबंद.
कंपनीचं नाव वाचता येत नाही.

कंपनी नाही हो, शेत आहे, फणसे म्हणाले.
शातो मोंब्रिये. मधला अनुनासिक नाकात सोडायचा.
मी सोडला.
गुजराती लिपीत तो काही नीट उतरला नाही.

अलकापुरी, तिसरा मजला, दुपारचे साडेतीन.
पंच म्हणून खालचा इस्त्रीवाला कनुभाई,
हात अजून गरम.
फणसे, वय एक्क्याऐंशी, निवृत्त भूशास्त्रज्ञ,
प्रकृतीच्या कारणावरचा परवाना
अकरा दिवसांपूर्वी संपलेला.
नूतनीकरणाच्या रांगेत गुडघे उभे राहत नाहीत, म्हणाले.
हा जबाबाचा भाग नव्हे, म्हणून लिहिला नाही.

शातो म्हणजे?
म्हणजे राजवाडाच, पण आपल्या लक्ष्मी विलाससमोर ठेवलात
तर पागा वाटेल. दोन मजले, निळी दारं.
मोठेपण सगळं जमिनीखाली.
चौसष्ट साली मी तिथली माती तपासायला गेलो,
मादाम ओदेतनं हातात कात्री दिली,
आधी तोड, मग तपास.
सहा आठवडे वाकून द्राक्षं तोडली.
वर नुसते गोटे, तांदूळ निवडताना काढतो तसले, पण मुठीएवढे.
दिवसा तापायचे, रात्रभर वेलींना शेकायचे.
वेल सुखात असली की नुसती पानं काढते, गुप्ते.
तिला तहानलेली ठेवायची,
मग ती वीस-वीस हात खाली जाते पाणी विचारत.
आणि प्रत्येक ओळीच्या टोकाला गुलाब.
शोभेला नाही.
रोग आधी गुलाबाला होतो.

कनुभाईनं विचारलं, सही कुठे करू?

ही त्याच सालची. मादामच्या नातवानं पाठवलेली,
भाच्याच्या बॅगेतून, लोकरीच्या मोज्यात.
मग उघडली का नाहीत?
ती अजून होत होती, म्हणाले.

चव कशी असते, हे मी विचारायला नको होतं.
जांभळाचं साल. जुनं चामडं.
आणि, हसू नका,
नुकतंच टोक केलेली पेन्सिल.

मी हसलो नाही. बत्तीस वर्षं
मी पेन्सिलींतच काढली आहेत.

दंड भरून प्रकरण मिटलं.
बाटलीचं मिटायला अकरा महिने लागले.
जांबुव्याच्या पलीकडे पडीक जागा, हुकुमाची प्रत, फोटोग्राफर,
दाहोदचा रोलरवाला, नाकाला फडकं.
चाळीस क्रमांकाला व्हिस्कीचे चपटे, बेचाळीसला बिअरचे डबे,
मध्ये ती, आडवी,
तिला आडवंच ठेवायचं असतं एवढं मला ठाऊक होतं.

वेगळा आवाज झाला नाही.
लाल रंगही फार दिसला नाही, धुळीत तो तपकिरीच झाला.
मी वाकून वास घेतला.
सगळीकडे स्पिरिटचा दर्प, इस्पितळासारखा.
शुं शोधो छो, गुप्ते?
कंई नहीं, साहेब.

संध्याकाळी कचेरीत नाशाचा दाखला लिहायला बसलो.
मसुदा पेन्सिलीनं करायचा असतो.
टोक केलं. सालपट हातात घेतलं.
शिपाई दिवा लावून गेला
तरी मी ते नाकाशीच धरून होतो.

दाखल्याची प्रत टपालानं गेली असती.
मी नेऊन दिली.
फणसेंनी चष्मा शोधला नाही, कागद उलगडला नाही.
माती कसली होती?
काळी, मी म्हटलं.
चिकण?
हो. भारी काळी.
ते दाराला धरून थोडा वेळ उभे राहिले.
वेलीला नाही मानवायची, म्हणाले,
पण मे महिन्यात भेगा पडतील हातभर,
तेव्हा ती जाईल खाली.